सारवलेली दरड

आमच्या गावात मला ‘दगडवाली मॅडम’ म्हणतात. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीहून आत गेलं की चार किलोमीटरवर हे गाव लागतं. इथे लग्न होऊन येऊन मला चौदा वर्षं झाली. एम.एस्सी. भूशास्त्रात केलं, त्या विषयाची जागा मिळाली नाही म्हणून मालेगावच्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. पण गावाच्या लेखी मी अजून नापासच आहे, कारण बोअर कुठे मारावा हे मला सांगता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका चुलत सासऱ्यांनी मला मोठ्या कौतुकानं वावरात नेलं आणि म्हणाले, “सांग बाई, कुठी मारू?” मी उतार पाहिला, विहिरीतले थर पाहिले, भरपूर विचार केला आणि जागा दाखवली. तिथे तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. मग त्यांनी तळहातावर नारळ ठेवून चालणारा पाणाड्या बोलावला. माझ्या जागेपासून वीस पावलांवर त्याचा नारळ उभा राहिला आणि तिथे पाणी लागलं. तेव्हापासून माझ्या पदवीचा क्रमांक नारळानंतर लागतो.

त्यातून माझं मन आमच्या खडकात नव्हतंच. आमचा अख्खा वाशीम जिल्हा काळ्या पाषाणावर बसला आहे. हा पाषाण जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला आणि तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा पसरला. एक थर गार झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. स्वभावानं गरीब खडक. मला मात्र कॉलेजात असल्यापासून वेड होतं ते अंगात येणाऱ्या डोंगरांचं. जमिनीच्या पोटात कित्येक मैलांचा घट्ट, चिकट रस साठतो, वायूनं फुगतो आणि एक दिवस सगळा एकदम बाहेर उसळतो. पोट रिकामं झालं की वरचं छप्पर धाडकन आत बसतं आणि मागे तालुक्याएवढा खड्डा उरतो. त्याला कॅल्डेरा म्हणतात. बाहेर पडलेली राख, फेसाळलेले खडे आणि तापलेला वायू यांचा लोट जमिनीलगत धावत सुटतो, दऱ्याच्या दऱ्या भरून टाकतो, आणि जिथे थांबेल तिथे आपल्याच आचेनं चिकटून दगड होतो. तो इग्निंब्राइट. हे शब्द मी एकदा नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “कोन्या औषधाचं नाव हाय का हे? सोयाबीनवर चालते का?”

आता असल्या डोंगरांचा आणि मेडशीचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. संबंध आमच्या मोरीत सापडला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई देवाची भांडी घासत होत्या आणि शेजारी वाटीत पांढरं पीठ होतं. मी चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं आणि ते कागदात बांधून कॉलेजात नेलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. ती माती नव्हती. फुटलेल्या काकणांच्या तुकड्यांसारखे बारीक, वाकडे, पारदर्शक काचेचे कण होते. ज्वालामुखीची राख! सुमात्रा बेटावर टोबा नावाचा कॅल्डेरा आहे. आज तिथे तळं आहे, आमचा अख्खा तालुका आरामात बुडेल एवढं. सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वी तो शेवटचा फुटला, तेव्हा त्या धावत्या लोटांमधून उठलेली बारीक राख वाऱ्यावर समुद्र ओलांडून आपल्या देशावर पडली. नद्यांच्या काठांत ती ठिकठिकाणी सापडते. आणि आमच्या सासूबाई तिनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण लख्ख करत होत्या.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, “ही माती कुठून आणता हो?”

“नाल्यावरून,” तो म्हणाला. “दरड हाय तथी पांढरी. बाया आनतात.”

दुसऱ्या दिवशी मी ती दरड पाहिली. गावाच्या खाली नाला वळतो तिथे उभा कापलेला काठ, काळ्या मातीच्या मधोमध पुरुषभर उंचीचा पांढुरका पट्टा. मी तिथेच खाली बसले आणि एकटीच हसत सुटले. पलीकडे म्हशी धुणाऱ्या माणसानं म्हशी बाहेर काढल्या आणि दुसरीकडे नेल्या.

काही वर्षांनी त्या दरडीवर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. मला ती पदवी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. पगार वाढावा म्हणून नव्हे. नारळानं केलेला अपमान मी विसरले नव्हते, हे एक. आणि कामरगावला माझ्या माहेरी मी शिकलेली पहिली मुलगी. लग्नानंतर हिचं शिक्षण चुलीत गेलं असं तिथे कोणी म्हणू नये, हे दुसरं. तिसरं कारण असं की ती राख मला खरोखर आवडायची.

माझे मार्गदर्शक नागपूरचे. पिकलेले केस, खिशात भिंग, आणि बोलणं सगळं प्रश्नांत. नमुने पाहून ते म्हणाले, “राख टोबाची आहे, मान्य. पण ही इथे आभाळातून पडली का?”

“म्हणजे?”

“म्हणजे हिच्यात रेती आहे. तुमच्या काळ्या पाषाणाचे कण आहेत. सगळ्या शिवारावर पडलेली राख नंतरच्या पावसांनी धुऊन नाल्यात आणली असेल, तर ही वाहून आलेली राख झाली. तिच्यावरून काय सांगणार? आभाळातून पडलेला मूळ थर कुठे आहे? तळ कुठे आहे?”

तळ. पुढची सहा वर्षं हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला. दरडीच्या पायथ्याशी वरून ढासळलेल्या मातीचा आणि दगडांचा ढीग होता. त्यात बोराटीची काटेरी झुडपं होती, पुरानं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. मी दोनदा तिथे कोपरभर उकरलं आणि दोन्ही वेळा नुसता गाळ निघाला. तिसऱ्यांदा उकरायला बसले तर बिळातून एक साप बाहेर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आमच्यात असं ठरलं की तळ त्याचा आणि छातीच्या उंचीवरचा पट्टा माझा. प्रबंधात मी लिहिलं, ‘थराचा तळ उघडा नाही.’ स्वतःच्या भित्रेपणाला इतकं सभ्य वाक्य दुसऱ्या कुठल्या शास्त्रात मिळणार नाही.

सरांनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारली. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. त्यांनी फोनवर सांगितलं, “मी स्वतः येतो. रविवारी. तळ दिसला तर प्रबंध घेतो. नाही दिसला तर तुम्ही हा विषय सोडा, मॅडम. मी मनापासून सांगतोय.”

फोन ठेवला तेव्हा सासूबाई समोर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. “कोन येऊन राह्यलं?” त्यांनी विचारलं.

“माझे सर. नागपूरहून. दरड पाहायला.”

“दरड पाह्याले? एवढ्या दुरून?” त्यांचं सूप थांबलं. “मोठा मानूस हाय का?”

“खूप मोठा. त्यांनी हो म्हटलं तरच माझं काम होईल, आई. नाही म्हटलं तर सहा वर्षं पाण्यात.”

त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. सासूबाईंचा आणि माझा संसार तसा धड चालला होता. भांडण नव्हतं, पण फार बोलणंही नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी हातोडा आणि पिशवी घेऊन नाल्यावर निघाले की त्या “जाय बापा” एवढंच म्हणायच्या. त्यातला ‘बापा’ रागाचा की काळजीचा हे मला कधी कळलं नाही. मी ते शोधायलाही गेले नाही.

शनिवारी माझ्यावर दिवसभर परीक्षेची ड्यूटी होती. संध्याकाळी किन्हीराजाहून मालेगावमार्गे येणारी एसटी उशिरा आली, घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. सासूबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. कोपरापर्यंत शेण वाळलेलं, केसांत काटे अडकलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू मुलीचं लग्न उरकून आल्या.

“काय झालं, आई?”

“काई नाही. उद्या पाह्यजो.”

मी दमले होते. पुढे विचारलं नाही.

रविवारी सकाळी मेडशीच्या फाट्यावर सरांची गाडी आली. मी पुढे बसून रस्ता दाखवला. वाटेत सर म्हणाले, “आधी दरड, मग चहा.” मी मनातल्या मनात सापाची प्रार्थना करत होते की बाबा, आजचा दिवस बाहेरगावी जा. गाडी नाल्याच्या वर थांबवून आम्ही उतरणीला लागलो, वळणावर आलो, आणि मी थांबले.

दरड नव्हती. म्हणजे होती, पण पांढरी नव्हती, काळीही नव्हती. वरपासून खालपर्यंत ती शेणानं सारवून काढली होती. हात फिरवल्याच्या अर्धवर्तुळाकार रेघा एकसारख्या, कुठे खळगा नाही की उंचवटा नाही. वरच्या काठाला गेरूचा पट्टा, चारही बाजूंनी त्याच पांढऱ्या राखेची दुबोटी किनार, मधोमध दोन कमळं आणि त्यांच्यामध्ये ठसठशीत अक्षरांत ‘सुस्वागतम’. पायथ्याचा ढीग साफ गायब. काटे, दगड, पिशव्या, काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. तिथे सडा टाकून रांगोळी काढली होती. रांगोळीसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दरडीकडे तोंड करून मांडल्या होत्या, जणू आता पडदा उघडणार आणि नाटक सुरू होणार. बाजूला गावातल्या सात-आठ बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या आणि त्यांच्या पुढे, ठेवणीतल्या लुगड्यात, हातात ताट घेऊन आमच्या सासूबाई.

पाहुणा घरी येणार असेल तर आमच्याकडे अंगण सारवतात. पाहुणा दरड पाहायला येणार असेल तर दरड सारवायची, यात त्यांच्या दृष्टीनं विचार करण्यासारखं काही नव्हतंच. एवढा मोठा माणूस नागपूरहून येणार आणि त्याला काय ढासळलेली माती दाखवायची? गावाची काही इज्जत आहे की नाही?

सरांनी आयुष्यात पुष्कळ दरडी पाहिल्या असतील, पण ओवाळणारी दरड पहिल्यांदाच पाहिली. रांगोळीपाशी आल्यावर त्यांनी नकळत बूट काढले. सासूबाईंनी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, “बसा साहेब. आरामशीर पाहा.”

सर मोजे घालून खुर्चीत बसले. मांडीवर नारळ. समोर सुस्वागतम. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी माझ्याकडे मान कलती केली आणि हळूच विचारलं, “हे कोणी केलं?”

“सासूबाईंनी.”

“का?”

“तुम्ही येणार म्हणून.”

“अच्छा,” ते म्हणाले. मग आणखी हळू, “मॅडम, खरवडायचं कसं आता?”

खरा पेच तिथेच होता. सारवण खरवडणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पिशवीत गवंड्याची करणी होती, खुरपं होतं, कुठलीही दरड पाहायची तर आधी ती खरवडावीच लागते. पण आठ बाया दिवसभर उन्हात खपलेल्या, आताही अर्ध्या हसऱ्या चेहऱ्यानं सरांच्या तोंडाकडे पाहत उभ्या, कमळाकडे बोट दाखवून एकमेकींच्या कानाला लागलेल्या. त्यांच्यासमोर त्या कमळावर खुरपं कोण चालवणार?   एका बाईनं चहा आणला, दुसरीनं चिवडा आणला, तिसरीनं सरांना विचारलं की नागपूरला अशी सारवलेली दरड आहे का. सर अत्यंत खरेपणानं म्हणाले, “नाही.” बायांमध्ये आनंदाची लाट पसरली. सरांना दुपारी परत निघायचं होतं. दुसरा चहा आला. माझ्या पोटात कॅल्डेरा तयार होत होता आणि छप्पर किती वेळ टिकेल सांगता येत नव्हतं.

ते तिसऱ्या चहाला कोसळलं.

“आई!” मी ओरडले. “काय करून ठेवलं हे? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? सहा वर्षं मी या दरडीसाठी मरतेय आणि तुम्ही तिच्यावर शेण थापलं!”

 सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा तरातरा घरी निघून जातील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

“काहून?” त्या म्हणाल्या. “वाईट दिसून राह्यलं का?”

“दिसायचा प्रश्न नाही, आई. त्यांना जे पाहायचं होतं तेच तुम्ही झाकलं.”

“मंग सांगाचं ना, काय पाह्याचं होतं ते!” आता त्यांचा आवाज चढला. “बारा वर्सापासून पाहून राह्यली मी. सुट्टी आली का नाल्यावर. ऊन नाही पाहत, पाऊस नाही पाहत. मले काई वाटत नसन का? सुरवातीलेच इचारलं होतं तुले, काय पाह्यते वं पोरी तथी? तू काय म्हनली? ‘तुमाले नाही समजनार, आई.’ मंग मी नाही इचारलं. आता तुह्ये साहेब आले. तुहं काम होते म्हने त्यायनं हो म्हनलं तं. माह्या हातून काय होते? सारवनं होते. थे केलं मी.”

मी हे वाक्य बोलले होते. मला आठवत नव्हतं, पण बोलले असणार यात शंका नव्हती. माझाच सूर होता तो. मान खाली घालून मी रांगोळीकडे पाहत राहिले. भर सभेत थोबाडीत बसली असती तरी बरं वाटलं असतं.

सरांनी नारळ खुर्चीखाली ठेवला. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “मॅडम, आता सांगा त्यांना. मलाही ऐकू द्या.”

“आता? इथे?”

“मग कुठे?”

अशी माझी तोंडी परीक्षा झाली. बाया खाली बसल्या. सासूबाई सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, कारण सरांनी त्यांना हात धरून बसवलं. मी दरडीसमोर उभी राहिले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरच्या भाषेत सांगायला लागले. “आई, भाकर विस्तवावर टाकली का फुगते ना? अंदर वाफ धरते. आन् भाकर फुटली, वाफ निंघून गेली, का वरचा पापुद्रा खाली बसते. तसा एक डोंगर होता. अथचा नाही, समुद्राच्या पार.” मग राखेचा लोट सांगितला, तो दऱ्या भरून दगड कसा झाला ते सांगितलं, त्यातली पिठासारखी बारीक राख वाऱ्यावर आपल्यापर्यंत कशी आली ते सांगितलं.

“एवढ्या दुरून?” एक बाई म्हणाली. “गरम व्हती का?”

“नाही. येईस्तोवर थंडी झाली.”

“आन् तथचे लोक?” सासूबाईंनी विचारलं.

“जवळ जे असतील ते नाही वाचले, आई.”

त्यांनी “राम राम” म्हटलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो सहा वर्षांत सरांशिवाय कोणी विचारला नव्हता. “आभायातून पडली तं साऱ्या शिवारात पडली असन. वावरात काहून नाही मंग? नाल्यातच काहून?”

सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

“वावरातली पावसानं धुतली, आई,” मी म्हटलं. “जे खोलात पडलं तेच टिकलं. आन् वरून पानी आलं, त्याच्यासंगं शिवारातली राख रेती घेऊन आली, थे याच्यावर बसली. साहेबाचं म्हनणं आहे का मले जी दिसते थे हीच, वाहून आलेली. आभायातली तिच्या खाली पायजे. थे मले सापडून नाही राह्यली. माहं सारं त्याच्यावर अडलं आहे.”

“थे खालची?” सासूबाई म्हणाल्या. “चार बोटायची?”

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. सर उभे राहिले होते.

“कोणती चार बोटांची, ताई?” त्यांनी विचारलं.

“देवाच्या भांड्यायची.” हे सगळ्यांना माहीतच असतं अशा सुरात त्या सांगत होत्या. “वरची खरखरी हाय, साहेब. रेती लागते हाताले. थे तव्याले, कढईले चालते. पितळीच्या देवाले लावली तं वरखडे पडतात. देवाले खालची लागते, अल्लग. गव्हाच्या मैद्यावानी हाय. चारच बोटं हाय, तिच्या खाली कायी कायी माती लागते. काडाले तरास होते, ढिगाच्या मांगून हात घालून काडा लागते. काल सारा ढीग उचलला ना आमी. सापाले धूर देल्ला. मोकयी झाली होती चांगली. मंग सारवली वरून.”

त्या उठल्या. माझ्या पिशवीतून खुरपं त्यांनी स्वतः काढून घेतलं, रांगोळी ओलांडून दरडीच्या पायथ्याशी उकिडव्या बसल्या आणि आपलंच सारवण, आपलीच किनार, डावीकडचं अर्धं कमळ त्यांनी सरसर खरवडून टाकलं. बायांमधून एक हळहळ ऐकू आली. सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

शेण निघालं आणि तळ दिसला. खाली काळीभोर चिकणमाती, तिच्यावर चाकूनं कापल्यासारखी सरळ रेघ, आणि रेघेच्या वर चार बोटं जाडीची राख. तिच्यात रेतीचा कण नव्हता, थरांच्या रेषा नव्हत्या, काही नव्हतं. त्यावर पुन्हा एक पुसट रेघ, आणि तिथून वर माझा तो पुरुषभर पट्टा, ज्यातून सहा वर्षं मी पिशव्या भरभरून वाहून आलेली राख नागपूरला पाठवली होती.

सर मोज्यांनिशी रांगोळीत पालथे पडले. भिंग डोळ्याला, नाक दरडीला. त्यांच्या पाठीवरच्या टॉवेलावर ऊन पडलं होतं. बराच वेळ ते काही विचारेनात, म्हणजे सगळं ठीक होतं. मग त्यांनी चिमूटभर राख दातांत धरून पाहिली. आमच्या शास्त्रात रेती ओळखायची ती एक जुनी रीत आहे. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

“हीच,” सर म्हणाले. ते उठून बसले तेव्हा छातीवर रांगोळीची नक्षी उमटली होती. “मॅडम, हीच. प्रबंध पुरा करा.”

 आनंद झाला होता, पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं आणि ते जास्त जाड होतं.

सरांनी सासूबाईंना विचारलं, “ताई, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“मले? माह्या सासूनं दाखवलं. नवी नवरी होती मी.” त्यांनी बायांकडे हात केला. “साऱ्यायलेच माहीत हाय, साहेब. गावात कोन्याबी बाईले इचारा.”

सर माझ्याकडे वळले. त्यांचे सगळे प्रश्न मला पाठ होते, पण हा त्यांनी विचारला नाही. नुसतं पाहिलं.

“मी नव्हतं विचारलं,” मी म्हटलं.

मग मी चपला काढल्या आणि सासूबाईंच्या शेजारी शेणाच्या त्या सालपटांत जाऊन बसले. वही उघडली.  “आई,” मी म्हटलं, “देवाची संपते आन् तव्याची सुरू होते, थे नेमकी कुठून? तुमी कशी ओळखता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायांकडे पाहिलं. “आता इचारून राह्यली,” त्या म्हणाल्या, आणि माझं बोट धरून त्या पुसट रेघेवर टेकवलं. “पाह्य. अथून.”